चकवा कोणाच्या दारात सोडता?

मराठीत कुमार-किशोरांसाठी रहस्यकथा आणि साहसकथा लिहिणारे, संपादणारे आणि छापणारे, सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या गावांत वाचनालये चालवणारे, शाळा-आश्रमशाळांसाठी पुस्तके निवडणारे आणि ती मुलांबरोबर वाचणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. पुस्तकांची नावे घेणार नाही. दोष एका पुस्तकाचा असता तर त्या लेखकाला एक पोस्टकार्ड टाकून भागले असते. पण साचाच असा बसला आहे, की लेखक बदलला, प्रकाशन बदलले, तरी चाळिसाव्या पानावर तेच घडते.

पुण्या-मुंबईची चार मुले उन्हाळ्याच्या सुटीत विदर्भात येतात. (मे महिन्यात चंद्रपूरला सुटी घालवायला कोण येते, हा प्रश्न सोडून देऊ.) काका वनखात्यात असतात. बंगल्यावर एक गडी असतो. त्याला आडनाव नसते, तो दर वाक्यात ‘मालक’ म्हणतो आणि रात्री जंगलात जाऊ नका असे सांगून गायब होतो. मग दूरवर ढोल वाजतो. मग कोणीतरी कुजबुजते, ‘इथल्या जमाती अजून नरबळी देतात.’ काही चोरीला जाते, लगोलग गावाबाहेर उतरलेली पारध्यांची टोळी दिसते. शेवटी खरा गुन्हेगार एक तर त्या टोळीतलाच निघतो, किंवा शहरातला निघतो आणि टोळी नुसती त्याची हस्तक ठरते. कोडे सोडवतात ती पाहुणी मुले. ज्यांच्या रानात हे सगळे घडते त्यांच्यापैकी एकाही पोराला काही सुचत नाही.

अन्यायाचे बोलणे पुढे येईलच. आधी कारागिरीचे बोलू, कारण ते तुम्हाला लवकर पटेल. रहस्यकथेला चकवा लागतो. रात्रीच्या शेतात चकवा लागला की माणूस त्याच बांधाभोवती फिरत राहतो, तसे वाचकाला थोडे फिरवायचे असते. पण चांगला चकवा वस्तूंतून आणि वेळांतून उभा राहतो: घड्याळ मागे होते, चिखल कोरडा होता, दोन माणसांना एकच चप्पल बसत होती. उलगडा झाला की असा चकवा विरून जातो, त्याचे काही उरत नाही. जातीजमातीवर उभा केलेला चकवा विरत नाही. पान तीसपासून पान एकशेचाळीसपर्यंत वाचक ‘हे लोक असेच’ या एकाच आधारावर संशय घेत राहतो आणि एकशेपन्नासाव्या पानावर तुम्ही सांगता, की संशयित सोम्या तसा नव्हता. सोम्या सुटला. त्याचे लोक मात्र संशयितच राहिले, कारण सोम्याला तुम्ही अपवाद म्हणून सोडवलेत.

शिवाय असा चकवा फसतोही. इंग्लंडमध्ये १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने गुप्तहेरकथांसाठी दहा नियम लिहिले. पाचवा नियम होता, कथेत चिनी माणूस आणू नये. आज तो विचित्र वाटतो, पण त्यामागचे कारण बघा. तिथल्या स्वस्त थरारकथांत कपटी चिनी खलनायकांचा इतका सुकाळ झाला होता, की तो पानावर दिसला की रहस्य संपायचे. आपल्याकडे पारध्याचे तेच झाले आहे. चार पुस्तके वाचलेले सातवीतले पोर पान पन्नासवर सांगते, ‘हा चोर तरी आहे, नाहीतर शेवटी गरीब बिचारा निघणार.’ तिसरी शक्यता त्याने वाचलेलीच नसते.

आता त्या ‘टोळी’चा इतिहास. ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना लोकांच्या मनात रुजवण्यात थरारकथेचाही हात आहे. ठगांच्या कबुलीजबाबाची एक इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये निघाली आणि विलायतेत भरपूर खपली. घराणेच्या घराणे गुन्ह्यावर जगते, हे चित्र वाचकांना आवडले. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तोही याच समजुतीवर. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १९११ नंतर सगळ्या ब्रिटिश मुलखात तो लागू झाला. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, म्हणून त्या समाजांना ‘विमुक्त’ म्हणतात आणि तो दिवस ते पाळतात. पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९चा. पोलिसी नजर काही लगेच बदलली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा विमुक्तांना सरसकट सराईत गुन्हेगार मानण्याच्या रीतीवरही बोट ठेवले. तेव्हा निवेदकाच्या तोंडी ‘गुन्हेगार जमात’ हे शब्द येतात ते कायद्याने सत्तर वर्षांपूर्वी टाकून दिलेले शब्द आहेत. एखाद्या हवालदाराच्या तोंडी ते घालायचे तर जरूर घाला, हवालदार तसे बोलतात. पण मग कथेत त्याची किंमत दाखवा: चुकीच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, धाड टाकण्यात दोन दिवस गेले, तेवढ्यात मुद्देमाल नदीपार झाला.

टाकणकारांचे उदाहरण घ्या. अनुसूचित जमातींच्या यादीत ते पारध्यांबरोबरच येतात. जात्याला टाकी लावणे, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करणे, हा त्यांचा धंदा, त्यावरून नाव. टाकी लावायला घरोघर जावे लागते, आणि घरोघर जाणारा परका माणूस गावाच्या डोळ्यांत पहिला भरतो. संशय असा धंद्यातून आला, गुन्ह्यातून नव्हे. हे कळलेल्या लेखकाला तयार प्रसंग मिळतो: गावातल्या प्रत्येक घराचा ओटा-माजघर पाहिलेला एकमेव साक्षीदार.

याहून मोठी गंमत माग काढण्याची आहे. ठसा कोणाचा, किती वेळापूर्वीचा, चालणाऱ्याच्या डोक्यावर ओझे होते की नव्हते, गवत कोणत्या अंगाला मोडले, तित्तर अचानक का गप्प झाले, हे ओळखणे म्हणजे गुप्तहेराचे मूळ शास्त्र. फासेपारध्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची उपजीविका बंद झाली, शास्त्र कुठे गेले नाही. तुमच्या पुस्तकांत हे ज्ञान असलेला माणूस चोर असतो आणि शहरी मुलगा भिंग घेऊन ठसे बघतो. भिंग पारध्याच्या पोरीच्या हाती द्या, खरे तर देऊही नका, तिला ते लागणार नाही, आणि सगळी कादंबरी नव्याने लिहावी लागेल.

बंजाऱ्यांवर ‘मुले पळवणारी टोळी’ हा शिक्का अजून चालतो, आरशांच्या घागऱ्यासकट. हजारो बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ देशभर पोचवणारा हा समाज. रेल्वे आणि सडका आल्या तसा तो धंदा बसला. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक याच समाजातले, १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. हे माहीत असलेला लेखकही तांडा लिहायला बसला की बाईच्या पदराखाली चोरलेले मूल ठेवतो. मुले पळवण्याची अफवा काय करते हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिले. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. हा साचा तरी कृपा करून वापरूच नका, चकवा म्हणूनसुद्धा.

तपशिलाच्या चुका वेगळ्या. त्या द्वेषातून येत नाहीत, आळसातून येतात, पण वाचणाऱ्या मुलाला दोन्ही सारख्याच लागतात. गडचिरोलीत ‘पाडा’ लिहिलेला असतो. पाडे कोकणात आणि नाशिककडे. इकडे कोलामांचे पोड असते, गोंडांचा गुडा किंवा टोला, बंजाऱ्यांचा तांडा, पारध्यांचा बेडा, मेळघाटात कोरकूंचा ढाणा. गोंडाच्या भिंतीवर वारली चित्रे असतात. वारली पालघरचे, भामरागडहून दोन दिवसांच्या वाटेवरचे. गावच्या पुजाऱ्याला भगत म्हणतात, तो शब्दही पश्चिमेकडून येतो. कोरकूंत भूमका असतो, माडियांत पेरमा. आणि ‘आदिवासी भाषा’ नावाची एक भाषा असते, तीत सगळे हुंकारच. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे संथालीची नातेवाईक, आणि पारध्यांची बोली गुजरातीजवळची. धारणीचा कोरकू आणि एटापल्लीचा माडिया भेटले तर आपापल्या भाषेत एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, मराठी किंवा हिंदीत बोलतील. आश्रमशाळेतले दहा वर्षांचे पोर घरची भाषा, गावातली मराठी आणि पुस्तकी मराठी अशा तीन पायऱ्या रोज चढते-उतरते. गुप्त संदेश उकलायला याहून लायक पात्र कोणते? पण तुमच्या कथेत ते बहुधा मुके असते.

नरबळीची गोष्ट जरा सविस्तर करायला हवी, कारण मुखपृष्ठावर तीच येते. मेळघाटात कोरकू गावाच्या कडेला सागाचे कोरीव खांब दिसतात, त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार. त्यांना मुंडा म्हणतात. घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावाने विधी करून ते उभे करतात. तुमच्या कथेत त्या खांबाला शेंदूर आणि रक्त लागते. हे म्हणजे परक्या लेखकाने आपल्या देवघरातले टाक पाहून जादूटोण्याचे साहित्य म्हणावे तसे. रात्री वाजणारा ढोल लग्नाचा असतो किंवा पंडुमचा, म्हणजे सणाचा. अघोरी प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१३चा आहे, तो सगळ्या राज्याला लागू आहे, आणि गुप्तधनाच्या लोभाने होणाऱ्या असल्या गुन्ह्यांच्या बातम्या काही फक्त जंगलातून येत नाहीत. नरबळी लिहायचाच असेल तर बागायतदाराच्या वाड्यात लिहून बघा. संपादक लगेच विचारतील, ‘याला आधार काय?’ तोच प्रश्न जंगलातल्या प्रसंगाला विचारायचा राहून जातो.

बोलीबद्दल. अमरावतीचा माणूस तुमच्या पुस्तकात ‘आरं, लई भारी बगा’ म्हणतो. ही पश्चिमेकडची बोली आहे. वऱ्हाडीत तो ‘काऊन बे, कुठी जाऊन राह्यला?’ म्हणेल. ‘मला’चे ‘मले’ होईल, ‘ण’चा ‘न’ होईल, ‘ळ’चा ‘य’ होईल: डोया, सकाय. भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीत त्याच ‘ळ’चा ‘र’ होतो: डोरा. दोन्ही एकाच पात्राच्या तोंडी घातल्या, की ते पात्र कुठलेच राहत नाही. बोली लिहिताना तीन खुणा निवडा आणि त्या शेवटपर्यंत पाळा. प्रत्येक शब्द मोडून लिहिला तर वाचकाला अडखळल्यासारखे होते आणि पात्र उगाच बावळट वाटू लागते. पण खरी परीक्षा वेगळीच आहे: पुस्तकात सर्वांत हुशार वाक्य कोणत्या बोलीत आहे? बोली फक्त गड्याला आणि विनोदाला असेल, तर व्याकरण अचूक असूनही उपयोग नाही. वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीची, नाटके दिवाळीनंतर रात्र-रात्र चालतात. खून, कट, वारसाहक्क, सगळे त्यांत असते. तिथला प्रेक्षक रहस्य कोळून प्यालेला आहे.

नक्षलवादाचे थोडक्यात. माडिया तरुण एक तर बंदूकधारी किंवा खबरी, असे दोनच साचे आहेत. १९९० मध्ये गडचिरोलीत उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकात बहुसंख्य जवान स्थानिक, पुष्कळसे आदिवासी. म्हणजे एकाच आडनावाची माणसे दोन्हीकडे असू शकतात, आणि त्यांच्यामध्ये तिसरी, बाजारहाट करून संध्याकाळी घरी पोचू पाहणारी. किशोर वाचकांसाठी हा विषय पेलत नसेल तर सोडून द्या. गणवेश आणि भूसुरुंग नुसती सजावट म्हणून आणू नका.

भंगारवाला मुसलमान, सीमेवरचा तेलुगू ठेकेदार, नेपाळी चौकीदार, यांनाही हाच मापदंड लावा. प्रत्येकाचे वेगळे पुराण इथे लावत नाही.

‘मग आम्ही लिहायचे काय?’ असे तुम्ही विचाराल. विदर्भात रहस्याचा दुष्काळ नाही, इथल्या गुन्ह्यांची यंत्रणा समजून घेतली की झाले.

तेंदूपत्ता घ्या. हंगाम मे महिन्याच्या आसपास, जेमतेम दोन आठवडे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. पुडे ‘फळी’वर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून घेतात आणि उन्हात वाळवतात. फसवणूक तीन जागी होऊ शकते: मोजताना शेकड्यामागे जादा पुडे फुकट घेणे, बाद ठरवलेले पुडे परत न देणे, आणि पावसाने माल भिजल्याचे खोटे सांगणे. तिसऱ्यात पुरेपूर कथा आहे. ठेकेदार म्हणतो पाने अमुक रात्री भिजली, आणि त्याच रात्री उघड्यावर वाळत घातलेली शेजारची मोहफुले कोरडी राहिली. हे फक्त ज्या पोरीने मोह वेचला तिलाच ठाऊक.

सागवान. कायदेशीर ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची निशाणी असते, क्रमांक असतो, लांबी आणि गोलाई नोंदवहीत असते आणि वाहतुकीचा परवाना असतो. निशाणी खोटी करता येते, गोलाई नाही. दोरी आणि वही एवढ्यावर मुले चोरी पकडू शकतात. आणि सागाचे कोवळे पान हातावर चोळले की तळवा लालभडक होतो. संशयिताचे हात लाल, शहरी मुले ‘रक्त!’ म्हणून ओरडतात, आणि इथले पोर हसून एक पान तोडून चोळून दाखवते. हा चकवा कोणाच्याही जातीला हात न लावता पन्नास पाने ओढून नेईल.

चोरबीटी घ्या. परवानगी नसलेले, तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे चोरून विकले जाते. अधिकृत बीटीचे पाकीट ४७५ ग्रॅमचे, चोरबीटी खुल्या पिशव्यांत किंवा नकली पाकिटांत. ओळखायची कशी? तणनाशक मारल्यावर सगळे तण जळाले आणि कपाशी हिरवीगार उभी राहिली, की समजायचे. शेजारच्या शेतकऱ्याने तेच औषध साध्या कपाशीवर मारले तर पीक हातचे गेले. इथून पुढे विक्रेता, गाडी, परराज्यातून येणारा रस्ता. रेतीघाट घ्या. पावसाळ्यात उपसा बंद असतो, आणि जुलैत ओल्या रेतीचा ट्रक एप्रिलच्या पावतीवर धावतो. वाघाचे म्हणाल तर शेताच्या कुंपणात रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेनेही वाघ मरतात, आणि मग घाबरलेला, एरवी सज्जन शेतकरी पुरावा पुरतो. गुन्हेगार आहे, दुष्ट नाही. किशोर वाचकाला हा पेच नक्की पेलतो.

जमिनीचे प्रकरण सर्वांत भारी. जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ३६ आणि ३६ अ. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या परवानगीशिवाय जात नाही, आणि अशी गेलेली काही जमीन परत देण्याचा कायदा १९७४चा. म्हणून खोटे कागद बनतात. सातबारा, फेरफाराचा क्रमांक, तारीख, अंगठा. पवार, चव्हाण ही आडनावे मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांतही आहेत. आडनाव हाच चकवा. गोंडांत चार, पाच, सहा, सात देवांची कुळे असतात, एकाच देवसंख्येची माणसे भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. कागदावर दाखवलेली ‘पत्नी’ सहा देवांची आणि नवराही सहा देवांचा, म्हणजे हे लग्न झालेलेच नाही, वारस खोटा. तलाठ्याला न दिसलेली ही चूक गावातली म्हातारी एका वाक्यात सांगेल.

गोंड खलनायक चालेल का? चालेल. तीन गोष्टी बघा. त्याचा हेतू त्याचा स्वतःचा असावा, पैसा, मत्सर, भीती, काहीही. त्याच पुस्तकात दुसरे गोंड पात्र असावे, आणि ते कथेला वळण देणारे असावे. आणि तो काय करतो हे वाचताना वाचकाला ‘हे तर कुणीही केले असते’ असे वाटावे.

आता संपादकांनी करायचे काम. संहिता दुसऱ्या खर्ड्यात असताना पाच रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा, दीडशे पानांना एक दुपार पुरते. पहिल्या रंगाने ज्यांना नाव आणि आडनाव दोन्ही आहे त्यांना खूण करा. दुसऱ्याने जिथे शरीराचे वर्णन आहे ते: काळाकभिन्न, तुकतुकीत, तांबारलेले डोळे. तिसऱ्याने जिथे पात्र स्वतः निर्णय घेते ते. चौथ्याने जिथे कोणाच्या ज्ञानाने धागा सापडतो ते. पाचव्याने संशयाची पाने, आणि समासात संशयाचे कारण तीन शब्दांत. ‘पारधी होता म्हणून’ यापलीकडे कारण लिहिता येत नसेल तर ते पान परत लेखकाकडे. दुसरा रंग एका समाजाकडे आणि तिसरा-चौथा दुसऱ्याकडे असा ढीग पडला, की कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आणि अडलेल्या वाक्यात समाजाचे नाव बदलून बघा. ‘पेठेतली माणसे रात्री बाहेर पडली की काहीतरी चोरीला जातेच’ हे वाक्य छापाल का?

मग त्या समाजातल्या, त्याच तालुक्यातल्या दोघांना संहिता वाचायला द्या. एकाला देऊ नका, एकाला आपल्या समाजाचा वकील व्हावे लागते. एक वयाने मोठा, एक विशीच्या आतला. वाचनाचे निदान पाच हजार रुपये द्या, मुद्रितशोधनाचे देताच ना? ‘यात काही आक्षेपार्ह आहे का?’ असे विचारू नका. समोरचा माणूस भिडेने म्हणतो, ‘नाही, बरं आहे.’ विचारा, ‘हा माणूस या पानावर असे करील का? नाही, तर काय करील? काय खाईल? कोणाला आधी सांगेल?’ या उत्तरांतून चुका कळतात आणि बहुतेक वेळा बरे कथानकही मिळते. हे काम पाने लागल्यावर केले की पंचाईत होते. फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा संच, सोळा पानांचा, एका परिच्छेदाने पुढची पाने सरकतात, खर्च वाढतो, आणि ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असे ठरते. ती पुढची आवृत्ती कधी निघत नाही.

मुखपृष्ठाचे दुखणे वेगळे. चित्रकाराला पूर्ण संहिता मिळत नाही, मलपृष्ठावरच्या शंभर शब्दांवर तो काम करतो, आणि त्या शंभर शब्दांत ‘घनदाट जंगल, गूढ जमात’ असते. मग पिसे, कवटी, भाला. आत लेखकाने कितीही सांभाळून लिहिलेले असो, कपाटात समोर दिसतो तो भालाच. चित्रकाराला निदान तीन प्रकरणे द्या, आणि त्या गावातल्या घरांची, कपड्यांची, शाळेच्या दप्तरांची आजची छायाचित्रे द्या. गडचिरोलीतली मुले शर्ट-पँट घालतात, मोबाइल वापरतात, रेंज नसली तर टेकडीवर चढतात.

एक भीती आधीच नोंदवून ठेवतो. असे पत्र वाचून काही प्रकाशक म्हणतील, वादच नको, आदिवासी पात्रच काढून टाकू. अमेरिकेत हे घडून गेले आहे. १९३० पासून निघालेल्या नॅन्सी ड्र्यू मालिकेची जुनी पुस्तके १९५९ पासून सुधारून छापली गेली. काळ्या नोकरांची विद्रूप चित्रणे त्यांतून गेली, पण पुष्कळ ठिकाणी ती पात्रे माणूस म्हणून नव्याने उभी करण्याऐवजी गाळून टाकली गेली. पुस्तके निर्दोष झाली आणि ओसही. भामरागडच्या जंगलात फक्त वाघ आणि पुण्याची चार मुले उरली, तर त्या पुस्तकाला आम्ही कपाटात जागा देणार नाही.

जुन्या पुस्तकांचे काय करायचे, तर ती जाळा किंवा मागे घ्या असे आम्ही म्हणत नाही. पुनर्मुद्रणाला निघणाऱ्या पुस्तकांतली तीन-चार वाक्ये, एक प्रकरण-शीर्षक आणि मुखपृष्ठ बदलले तरी बरेच भागते, कारण साच्याची वाक्ये बहुधा ठरावीक जागी असतात: जमातीचा पहिला उल्लेख, ढोलाची रात्र, पोलिसांची धाड आणि शेवटचा खुलासा. लेखक हयात असतील तर त्यांच्याकडून, नसतील तर वारसांच्या परवानगीने आणि सुरुवातीला टीप देऊन. पुढच्या वर्षात पुनर्मुद्रणाला घेणार असाल त्या किशोर पुस्तकांची यादी आणि एकेक प्रत पाठवा. आम्ही पेन्सिली घेऊन बसतो. दिवाळीआधी पाठवली तर बरे, नंतर कापूस वेचणीत आणि झाडीपट्टीच्या नाटकांत आमच्यापैकी निम्मे गुंतलेले असतात, पण फेब्रुवारीपर्यंत खुणा केलेल्या प्रती परत मिळतील.

आपले,
विदर्भातल्या गावांमधले काही ग्रंथपाल, शिक्षक आणि वाचक